पाहुणा

भुसावळात मे महिन्यात दुपारी दोनला
कुणी कुणाला काही शिकवू नये.
कूलरच्या जाळीतला वाळा वाळून काड्या झालेला,
पाणी मारलं की घटकाभर वास, मग पुन्हा फुफाटा,
आणि समोर पडद्यावर लिन्ह,
व्हिएतनाममधल्या दा नांगची,
तेवीस वर्षांची, एसीत बसून अंगावर स्वेटर.
मी एकोणीस वर्षं लिहीत आलो ते सगळं
तिला समजावून द्यायचंय.
शुक्रवारपर्यंत.

कंपनी रॉटरडॅमची. माल येतो, माल जातो,
कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, त्याचा हिशेब.
आधी पुण्यातून ठेवला, मग अप्पा पडले तेव्हापासून
जामनेर रोडवरच्या या खोलीतून.
ते बंदर मी पाहिलेलं नाही,
समुद्रच मुळात दोनदा पाहिलाय,
पण सतराव्या धक्क्यावरची क्रेन
रविवारीच का अडते, ते मला विचारा.

‘खर्चाचा फेरविचार’ असं पीटरने कळवलं.
आपल्याकडे म्हणतात, चंबूगबाळं आवरा.

तक्रार कुठल्या तोंडाने करू?
एकोणीस वर्षांपूर्वी असाच फेरविचार झाला होता
आणि तिकडच्या कुणा हेंड्रिकने
मला दोन आठवडे फोनवरून शिकवलं होतं.
त्याचा चेहरा कधी दिसला नाही.
खोकायचा फार.
शेवटच्या दिवशी म्हणाला, काही अडलं तर विचार.
मी अडलो. विचारलं नाही.

लिन्ह थांबते. ओळ दोन हजार एकशे चाळीस.
‘हे पी-ए-एच-यू-एन-ए काय आहे?’

तात्पुरता आकडा ठेवायला सगळे ‘टेम्प’ लिहितात.
मी तेव्हा नवा, अंगात रग,
कोण वाचतंय म्हणून लिहिलं, पाहुणा.
खाली अजून सापडेल:
जिथं सगळे खोळंबतात त्या रांगेचं नाव फाटक,
आणि उगीच प्रत्येक कामात डोकावतं
त्या फंक्शनचं नाव चुलते.

‘पाहुणा म्हणजे गेस्ट,’ मी म्हणालो.
‘येतो, जेवतो, जातो?’
हो म्हणालो. मग राहवेना.
म्हटलं, आमच्याकडे पाहुणा निघाला की
दारातच पिशवी धरतात, ‘आजना दिन ऱ्हाय ना भो,’
आणि तो राहतो.

ती हसली नाही. स्क्रोल करत गेली वर, खाली, वर.
‘म्हणून मेमरी भरते,’ म्हणाली,
‘तुमचा पाहुणा कधी जातच नाही.
म्हणून रोज रात्री सिस्टीम बंद करून चालू करावी लागते.’

एकोणीस वर्षं.
रोज रात्री तीनला गजर लावून
मी ते बटण दाबत आलो.
तिने एक ओळ लिहिली.

अप्पा लोको शेडला फिटर होते.
वाफेची इंजिनं गेली तेव्हा चाळिशी उलटलेली,
डिझेलच्या परीक्षेत दोनदा आपटले,
तिसऱ्यांदा साहेबाने ढकललं.
पुढे रिटायर होईतो म्हणत,
हिच्या पोटात काय चाललंय ते हाताला कळत नाही.
तेव्हा मला त्यांची लाज वाटायची.

मुलगी म्हणते, बाबा, नवीन शिका, तीन महिन्यांचा कोर्स आहे.
फॉर्म भरून ठेवलाय तिनेच. वयाच्या रकान्यात
यादीतलं शेवटचं खानं, ‘पंचेचाळीस व त्यापुढे’.

लिन्हचा करार सहा महिन्यांचा.
‘त्यानंतर म्हणे मशीनच लिहील,’ ती बोलली,
उद्या पाणी येणार नाही, असं शेजारीण सांगते तशी.
मग विचारलं, नियम आहे, सगळी नावं इंग्रजीत करू ना?
कर, म्हणालो.
तेवढ्यात लाइट गेली.

शनिवारी रात्री तीनला जाग आली.
गजर नव्हता.
अकोल्याकडून मालगाडी येत होती, सावकाश, भरलेली.
सांधे वाजत गेले तसे पडल्या पडल्या डबे मोजले:
अठ्ठावन्न,
आणि मागे गार्डाचा.